मी उडवलेली कापशी

तूर सोंगायला आली की आमच्या शिवाराचा आवाज बदलतो. शेंगा वाळतात आणि वारा आला की बांधापासून बांधापर्यंत खुळखुळ ऐकू येते. सकाळी मी मोटारसायकल काढतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याला फडकी बांधलेल्या बाया ओळीने वाकलेल्या असतात. कुठेतरी थ्रेशर सुरू झालेलं असतं. त्याची धूळ नाकात जाते, कुटाराचे, म्हणजे भुशाचे, कण कॉलरच्या आत शिरतात आणि मग दिवसभर मान खाजत राहते. तोवर घरातली ओल्या तुरीच्या दाण्यांची, सोल्याची भाजी संपलेली असते, कारण हिरव्या शेंगा उरलेल्या नसतात. हा हंगाम एके काळी मला फार आवडायचा.

याच दिवसांत कापशी हमखास दिसते. घारीच्याच जातीतली, पण घारीच्या निम्मी. पोट पांढरं, पाठ राखाडी, खांद्यावर काळा पट्टा आणि डोळे गुंजेसारखे लाल. उंदीर शोधायचा असला की ती हवेत एकाच जागी थांबते. पंख हलत असतात, पाय खाली सोडलेले असतात, आणि ती मात्र जागची हलत नाही. सोंगणी झालेल्या रानात उंदरांना आडोसा राहत नाही, म्हणून ती येते. पूर्वी मी गाडी थांबवून तिला बघायचो. आता ती दिसली की मान खाली घालून पुढे निघतो. असे तीन हिवाळे गेले.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. आर्णी आणि दिग्रसच्या मधल्या एका गावात जनावरांचा दवाखाना आहे, तिथे माझी नोकरी. पदवीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मीच. गाय अडली, बैलाच्या खुरात खिळा गेला, बकरीचं पोट फुगलं, की लोक माझ्याकडे येतात आणि मला डॉक्टर म्हणतात. मी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. आमच्या घरात त्या शब्दाला वजन होतं. माझ्या आजोबांनी धम्म घेतला आणि गावची मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. त्यासाठी त्यांनी वर्षभर गावाचा अबोला सोसला. मला नोकरीचा कागद आला तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "माह्या बापानं मेलेली ओढणं सोडलं. तू जित्ती वाचव." ते वाक्य मी फार वर्षं अंगावर दागिन्यासारखं वागवलं. आता वाटतं, दागिना घातला की माणूस आरशासमोर जरा जास्तच उभा राहतो.

तीन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन गेल्यावर, जमनाबाई दवाखान्यात आली. गावापासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली ती. साठीची असेल. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन पुसदकडे गेलेली. तूर आणि हरभरा एकटी काढते. तिच्या बकऱ्या मी वर्षानुवर्षं तपासत आलो होतो, त्यामुळे ती मला दादा म्हणायची. त्या दिवशी तिच्यासोबत बकरी नव्हती. ओढणीचं गाठोडं तिने पोटाशी धरलं होतं.

"दादा, हिले पाहा जरा. तारीत अडकली होती."

रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगायी, शेतात घुसू नयेत म्हणून आमच्याकडे काटेरी तारा लावतात. त्या तारेवर कापशी आदळली होती. मी ओढणी उलगडली. हाताला तिचं वजन जवळजवळ लागलंच नाही, फक्त ऊब लागली आणि त्या उबेत फार जलद चाललेली धडधड. उजवा पंख लोंबत होता. बोटाने चाचपलं तर कोपराच्या पुढचं एक हाड मोडलेलं, दुसरं शाबूत. तिने चोच उघडून माझ्याकडे पाहिलं, पण आवाज काढला नाही.

"वाचन का हो?" जमनाबाईने विचारलं.

"वाचन ना. हाड तं आहे," मी म्हणालो.

त्या वेळी दवाखान्याच्या ओसरीवर दहा-पंधरा माणसं होती. लसीकरणाचा दिवस होता, जनावरं घेऊन आलेले सगळे आत डोकावून पाहत होते. मी आइस्क्रीमच्या काड्या मागवल्या, कापसाची पातळ घडी केली, पंख अंगाशी दुमडला आणि पट्टी फिरवली. माझे हात कधी इतके हलके चालले नव्हते. कोणीतरी म्हणालं, "आपले डॉक्टर पाखरायचेही डॉक्टर निघाले." मी मान वर केली नाही, पण ते वाक्य मला नीट ऐकू आलं होतं.

नियम मला माहीत होता. जंगली पाखरू ठेवता येत नाही, वनविभागाला कळवावं लागतं. मी कळवलं. संध्याकाळी वनरक्षक मडावी आला. पांढरकवड्याकडचा, अबोल गडी. त्याने पक्षी पाहिला आणि म्हणाला, "साहेब, उद्या गाडी नागपूरले चालली. तिथं पाखरायचाच दवाखाना आहे. मी घेऊन जातो."

"कशाले? पट्टी तं झाली. दोनशे किलोमीटर हादरे खाईन ते."

"त्या डॉक्टरबाई रोज तेच करतेत साहेब."

"अन् मी काय करून राह्यलो तीस वर्षं?"

मडावीने पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "वरतून विचारलं तं?"

"मी लिहून देतो. हलवण्याच्या स्थितीत नाही म्हणून."

आणि मी लिहून दिलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. ती हलवण्याच्या स्थितीत होती. पिंजऱ्यात, अंधारात, कापडाखाली ती चार-पाच तास आरामात गेली असती. मला फक्त ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

पुढचे एकवीस दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे लिहिताना लाज वाटते. दवाखान्यामागे औषधांचे रिकामे खोके ठेवायची खोली आहे. तिथे आडवी काठी बांधून मी तिला ठेवलं. सकाळी दार उघडलं की फिनाइलच्या वासात एक वेगळा, कोरडा, पिसांचा वास मिसळलेला असायचा. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा यायचा, तो तिच्या पाठीवर पडला की राखाडी रंग निळसर दिसायचा. पहिले तीन दिवस तिने काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी मी मांसाचा तुकडा काठीवर ठेवून बाहेर आलो, आणि परत गेलो तेव्हा तुकडा नव्हता. मी दारातच हसत उभा राहिलो.

जमनाबाई दर आठवडी बाजारी यायची. येताना स्टीलच्या जुन्या डब्यात उंदीर आणायची, शेतात बीळ खणून पकडलेले. डबा माझ्यापुढे ठेवताना तिचा चेहरा असा असायचा की जणू माहेरवाशिणीसाठी लाडू आणलेत.

"कधी उडन?"

"एकवीस दिवस. हाड जुळाले तेवढे लागतातच."

तिचा विश्वास होता. लोकांचाही होता. शाळेचे गुरुजी वर्ग घेऊन आले, दिग्रसचा एक वार्ताहर फोटो काढून गेला, आणि मी प्रत्येक वेळी दार उघडून तिला दाखवली. दार उघडलं की ती काठीच्या टोकाला सरकायची आणि पिसं अंगाला चिकटवून बारीक व्हायची. पाखरू असं बारीक होतं ते भीतीने. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी लोकांना सांगायचो, "पाहा, कशी ऐटीत बसते."

माझी बायको निर्मला एकदाच तिला बघायला आली. तिने दारातून पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"तिले एवढं दाखवता कायले लोकायले?"

"पाहू दे ना. कोणाले कापशी एवढ्या जवळून पाहाले भेटते?"

"अन् मले एक सांगा. पाखराचं हाड पोकळ असते म्हणता. मंग ढोराएवढे दिवस कायले बांधून ठेवता?"

मी हसलो. अंगणवाडीत पोरांची वजनं घेणारी बाई मला हाडाचं शिकवते, असं काहीतरी म्हणालोही असेन. तिने पुन्हा विचारलं नाही. तिचा तो प्रश्न इतका सरळ होता की फोन उचलून नागपूरला विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. नंबर मडावीने पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावरच्या कागदावर लिहून ठेवला होता.

एकविसाव्या दिवशी मी पट्टी सोडली. हाड सुंदर जुळलं होतं. बोट फिरवलं तर जोडाच्या जागी तांदळाएवढा उंचवटा, बाकी सरळ रेघ. मी समाधानाने श्वास सोडला आणि पंख उघडायला गेलो. पंख उघडेना. कोपर अर्ध्यावर येऊन थांबत होतं, बिजागरी गंजल्यासारखं. थोडा जोर दिला तर तिने माझ्या अंगठ्यात नखं रोवली. मला वाटलं, आखडलाय, सुटेल. रोज कोमट शेक दिला, हळूहळू चोळलं. आठवडाभराने मागच्या मोकळ्या जागेत कमरेएवढ्या भिंतीवर ठेवलं आणि मागे सरलो. तिने डावा पंख पूर्ण पसरला. उजवा तिथेच राहिला. ती हवेत झेपावली, कलंडली आणि ढेकळासारखी खाली पडली. मग धुळीत उभी राहून तिने पुन्हा डावा पंख पसरला. पुन्हा पडली. असं तिने चार वेळा केलं. त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं, हे मला बरं वाटलं. त्यानंतर जे जे वाटलं त्यात ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते.

मी मडावीला फोन केला. तो आला, काही न विचारता खोका घेऊन गेला. दोन दिवसांनी नागपूरच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. आवाज तरुण होता, शांत होता.

"हाड तुम्ही फार छान जुळवलंय. पण सांधा गेला. पक्ष्यांचं हाड लवकर जुळतं आणि सांधा त्याहून लवकर आखडतो. आठवड्याभराने पट्टी सोडून पंख रोज थोडा थोडा उघडायला हवा होता."

"आता काही नाही होणार?"

"उडणं नाही होणार. इथे ठेवू आम्ही तिला. पहिल्या दोन-चार दिवसांत आली असती तर," असं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी सौजन्याने गिळलं. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

पुढच्या बाजारी जमनाबाई डबा घेऊन आली. खोलीचं दार उघडं होतं, काठी रिकामी होती. तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. नुसती आशा होती, आणि ओसरीवर चार माणसं बसलेली होती.

"उडाली," मी म्हणालो.

ठरवून बोललो नाही. पण तोंडातून बाहेर पडल्यावर परतही घेतलं नाही.

"खरंच? कधी?"

"सोमवारी. सकाळी."

"कोण्या अंगानं गेली?"

खोट्याला लगेच दुसरं खोटं लागतं. "अरुणावतीच्या अंगानं. आधी त्या चिंचेवर बसली, मंग गेली."

जमनाबाईने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडून माझ्यापुढे वाकली. माझ्याहून मोठी बाई. "तुमच्या हाताले यश हाय दादा," ती म्हणाली. डब्यातले उंदीर तिने मागच्या गवतात सोडून दिले, आणि दुसऱ्या दिवशी तांड्यातून माझ्यासाठी गुळाचा शिरा आला. मी तो निर्मलासमोर खाल्ला. तिला खरं ठाऊक होतं. तिने ताटलीकडे पाहिलं आणि उठून गेली.

आमच्या विहारात रविवारी वंदना होते. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून ते शब्द तोंडात इतके बसलेत की जीभ आपोआप चालते. त्या हिवाळ्यानंतर त्या शीलापाशी आलो की मी नुसते ओठ हलवायचो, आवाज बाकीच्यांचा असायचा. कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या निर्मलाच्या आलं असेल.

त्या वर्षभरात जमनाबाई भेटली की पहिली बातमी कापशीचीच द्यायची. "दादा, तुमची लेक आली होती आज. बराच वेळ होती वावरावर." कधी, "काल जोडी पाह्यली. घर केलं वाटते तिनं." मी हो म्हणायचो. एकदा तिने सांगितलं, बांधावर तिने दोन उंच काठ्या रोवल्यात, कापशीला बसायला बऱ्या पडाव्यात म्हणून. आणि हरभऱ्यात उंदराचं औषध टाकणं तिने बंद केलं होतं.

"काहून?" मी विचारलं.

"औषध खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला तं? वाचवलं कायले मंग?"

त्या साली तिच्या हरभऱ्याचे घाटे उंदरांनी बरेच कातरले. शेजारच्या शेतवाल्यांनी तिला वेड्यात काढलं. मी तिथून जाताना ते कातरलेले घाटे पाहिले, बांधावरच्या काठ्या पाहिल्या. एका काठीवर खरोखरच एक कापशी बसली होती, धडधाकट, दोन्ही पंख मिटून. जमनाबाईने लांबून मला हात केला आणि तिच्याकडे बोट दाखवलं. मीही हात केला. सांगायचं असतं तर ती जागा होती, ती वेळ होती. मी गाडीला किक मारली.

पुढची तूर सोंगायला आली. पांदण रस्ता रुंद करायला बांधावरच्या बाभळी यंत्राने उपटल्या, आणि त्यातल्या एका बाभळीवर घरटं होतं. जमनाबाई भल्या सकाळी चालत आमच्या घरी आली. गाठोडं या वेळीही ओढणीचं. आत एक पिल्लू होतं, अर्धी पिसं, अर्धी लव, डोळे अजून लाल न झालेले. त्याचं भावंड झाडाखाली दबून मेलं होतं.

"तुमच्या लेकीचंच असन," ती म्हणाली. "तुमीच ठेवा. दुसऱ्या कोणाले नोका देऊ."

मी पिल्लाला हात लावला नाही. हात मागे बांधून उभा राहिलो. "याले आत्ताच नागपूरले न्या लागते. मी मडावीले फोन करतो."

"काहून? मांगच्या वेळी तं तुमीच केलं ना."

निर्मला दारात उभी होती. ती आत गेली नाही.

"जमनाबाई," मी म्हणालो, "मांगची उडाली नाही."

ती समजली नाही. मी पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं: पट्टी जास्त दिवस ठेवली, सांधा आखडला, ती नागपूरला आहे, कधीच उडणार नाही. पहिल्या दिवशीच पाठवा म्हणून मडावी सांगत होता, तेही सांगितलं. मी खोटं बोललो हे सांगताना मला वाटलं होतं की ते सर्वांत अवघड जाईल. तसं झालं नाही. अवघड गेलं ते "मडावी सांगत होता" हे वाक्य.

ती ओसरीच्या पायरीवर बसली. पिल्लू तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याचं डोकं एका बोटाने कुरवाळत होती.  निर्मलाने पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं.

"मंग मले दाखवा," ती म्हणाली.

मडावीच्या गाडीत आम्ही तिघं नागपूरला गेलो. यवतमाळ गेलं, वर्धा गेलं. पिल्लाचा खोका जमनाबाईच्या मांडीवर, वर तिचीच ओढणी टाकलेली. मडावी गाडी चालवत होता आणि मधूनमधून आरशात माझ्याकडे बघत होता. त्याला मी सही केलेल्या त्या कागदामुळे वरून बोलणी खावी लागली होती, हे मला त्या प्रवासात कळलं. तेही त्याने आपणहून सांगितलं नाही, जमनाबाईने विचारलं म्हणून बाहेर आलं.

डॉक्टरबाईंनी पिल्लू तपासायला घेतलं. त्यांनी चेहऱ्यावर कापड बांधलं होतं आणि पिल्लाजवळ कोणी बोलायचं नाही असं खुणेने सांगितलं. माणसाच्या चेहऱ्याची सवय लागली की त्याला रानात जगता येत नाही. मला माझ्या खोलीचं दिवसातून दहा वेळा उघडणारं दार आठवलं.

नंतर त्यांनी आम्हाला मागे नेलं. हिरव्या जाळीच्या कापडाला डोळ्याएवढं भोक होतं. "एकेकाने बघा. फार वेळ नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. जमनाबाईने डोळा लावला. मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. बाजूला झाली तेव्हा तिने डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, "हिले उंदीर भेटते ना?"

"रोज भेटतो, आजी."

मग मी बघितलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर काठी होती, तिथवर चढायला फळी लावलेली होती. ती काठीवर बसली होती. वजनाने बरी दिसत होती. उजवा पंख अंगापासून किंचित सुटलेला, गुंडी न लागलेल्या सदऱ्यासारखा. तिच्या वर पिंजऱ्याचं छत जाळीचंच होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. ती वर बघत होती. बाकी काही नाही, वर बघत होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या की पिल्लाला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवतील, म्हणजे त्याला आपल्या जातीचं कोणीतरी समोर दिसेल, कसं बसायचं, कसं फाडून खायचं ते कळेल. "तिचा उपयोगच होईल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दिलासा द्यायचा त्यांचा हेतू होता. मी मान हलवली. नंतर मडावी, आमचे पदवीचे डॉक्टर, इतरही दोघा-तिघांनी मला तसंच सांगितलं, की बघा, शेवटी चांगलंच झालं. मला ते घेता येत नाही. ती पांगळी झाली म्हणून एखादं पिल्लू शिकलं, यात माझं काय पुण्य? उपयोगी पडायला ती कुठे आली होती? ती तारेत अडकली होती आणि तिला दोनशे किलोमीटर पुढे न्यायचं होतं, एवढीच गोष्ट होती.

मडावीला नागपुरात काम होतं, म्हणून आम्ही दोघं एसटीने परतलो. खिडकीजवळ जमनाबाई, शेजारी मी. यवतमाळ येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. स्टँडवर मी चहा आणला, तिने नको म्हटलं. आर्णीची गाडी सुटली, घाट उतरला, दोन्ही बाजूंना सागाची पानं गळून पडलेली, उन्हं कलती झालेली. तेव्हा ती बोलली, खिडकीबाहेर बघतच.

"पाखराचं मी काही म्हणत नाई. चुकते माणसाच्या हातून. माह्या हातून बकरीचं पिल्लू गेलं एकदा."

तिने खिडकीची काच सरकवली.

"तुमी मले वर्षभर आभाळाकडे पाहाले लावलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने फक्त घडलेलं सांगितलं. माफ करा हा शब्द त्या बसमध्ये फारच लहान वाटला. तरी मी तो म्हणालो. तिने मान हलवली. होकाराची की नुसती गाडीच्या हादऱ्याची, कळलं नाही. फाट्यावर उतरताना मी विचारलं, आता उंदरांना औषध टाकणार का. ती म्हणाली, "नाई. बाकीच्या बी खातेतच ना."

उन्हाळ्यात ते पिल्लू उडालं. डॉक्टरबाईंनी मोठ्या पिंजऱ्यात त्याला उंदीर पकडायला शिकवलं आणि मग मडावीच्या हाती पाठवलं. त्याने ते आमच्याच शिवाराच्या कडेला सोडलं. ही बातमी जमनाबाईला मडावीने तांड्यात जाऊन दिली. मी गेलो नाही. 'उडाली' हा शब्द माझ्या तोंडून तिने कसा ऐकला असता?

ती अजून येते, बकऱ्या घेऊन. सुई टोचून झाली की निघते. पूर्वी ओसरीवर बसून तांड्यातल्या चार गोष्टी सांगायची, कोणाच्या याडीने, म्हणजे आईने, काय केलं, कोणाची सून कशी. आता बसत नाही. आणि मला साहेब म्हणते. गावात बाकी सगळ्यांना वाटतं की तिने मला मान दिला.

गेल्या आठवड्यात एक शेतकरी गव्हाणी घुबड घेऊन आला, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या तोंडाचं, पायाला सुतळी गुंतून जखम झालेलं. लसीकरणाचाच दिवस होता, ओसरी भरलेली. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, ते आत ठेवलं, वर कापड टाकलं आणि मडावीला फोन लावला. शेतकरी हिरमुसला.

"डॉक्टर, तुमी कायले नाई करत? नुसती पट्टी तं बांधायची हाय."

सगळे बघत होते. रांगेच्या शेवटी बकरीची दोरी धरून जमनाबाई उभी होती.

"मले येत नाही," मी म्हणालो. मग वाटलं की पुरेसं झालं नाही, म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो, "पाखरायचं मले येत नाही. अन् मी डॉक्टर नाही."

 शेतकऱ्याने खोका उचलून सावलीत ठेवला. मी हात धुतले आणि पुढच्या जनावराला आत बोलावलं.